कातळाईचा कौल

दहिवली, कर्जत
६ ऑगस्ट १९६७

ती. वहिनी,

तुम्ही उत्तर देणार नाही हे धरूनच लिहिते आहे. चैत्रापासून तुमचं अक्षर या घरात आलेलं नाही, मला नाही आणि पोटच्या कुंदालाही नाही. जे काही कळतं ते तुमच्या श्रीकांतकडून. त्याचं पत्र परवा मिळालं. तुमचं म्हणणं त्याने एका ओळीत उरकलं आहे : 'आई म्हणते, कातळाईचा कौल आणा, मग बोलू.' ओळ त्याची, आवाज तुमचा.

हे मागताना तुम्ही मनात काय धरलंत तेही मला कळतं. वन्सं कधी देवळाची पायरी चढल्या नाहीत, दिघ्यांची मुलगी असून कुलदेवीला गेल्या नाहीत, त्या या वयात कौल मागायला डोंगर चढणार नाहीत, आणि कुंदाच्या लग्नाचा विषय आपोआप मिटेल.

मी जाणार आहे, वहिनी. पुढच्या पंधरवड्यात, शाळेची चाचणी झाली की.

कौलावर माझा विश्वास बसला असं समजू नका. दगडाला चिकटवलेली पाकळी कुठल्या बाजूने गळते यावर दोन माणसांचं आयुष्य ठरू नये, हे मत पुण्याला कॉलेजात असताना होतं तेच आजही आहे. पण तुमचा विश्वास आहे. तुमचं आणि दादाचं लग्न ठरलं तेव्हा आमचे बाबा खालापुराहून डोंगर चढून कौल घेऊन आले होते, आणि तो उजवा होता म्हणून तुम्ही आमच्या घरात आलात. ज्या गोष्टीवर तुमचं घर उभं राहिलं तिला मी हसणार नाही.

मुलाबद्दल तुम्हाला श्रीकांतने काय कळवलं आहे मला माहीत नाही. मी कळवते. गजानन ठोंबरे. भिवपुरीच्या वीजकेंद्रात यंत्रावर काम करतो, तिथेच क्वार्टर मिळाली आहे. घर कुणब्याचं, भाताची शेती, वडील नाहीत, आई आहे. मॅट्रिक होऊन पुढे आयटीआय केलेलं. आमच्या शाळेत दिवे बसवायला आला, तिथे ओळख झाली. कमी बोलतो. बोलतो तेव्हा वाक्य पुरं करतो, आणि हे मी फार थोड्या पुरुषांत पाहिलं आहे. आपण कायस्थ आणि ते कुणबी, एवढाच तुमचा आक्षेप असेल तर त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो मला आक्षेप वाटतच नाही.

श्रीकांत लिहितो, तुम्ही म्हणालात : तेरड्याचा रंग तीन दिवस. या तेरड्याला दीड वर्ष झालं.

आता मुख्य गोष्ट. कुंदा कायद्याने सज्ञान आहे, कमावती आहे. उद्या अलिबागला जाऊन लग्नाच्या नोंदणीवर सही करून येऊ शकते. मी तिला तसं म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "आत्या, आई मांडवात उभी राहिली तर लग्न. नाहीतर नाही. मग मी तुमच्यासारखी शाळेतच राहीन." 'तुमच्यासारखी' हा शब्द तिने वाईट अर्थाने वापरला नव्हता. पण मुलगी तुमच्यासारखी हट्टी आहे. बोललेलं करेल. ती शाळेत राहिली तर उत्तम शिक्षिका होईल आणि मला सोबत होईल, म्हणजे माझा तोटा काहीच नाही. हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी कुणाच्या फायद्यासाठी डोंगर चढते आहे याबद्दल शंका नको.

जे घडेल ते कळवीन.

अनसूया


दहिवली
२१ ऑगस्ट १९६७

ती. वहिनी,

कौल डावा पडला.

हे आधी लिहिते, म्हणजे तुम्हाला तेवढंच हवं असेल तर पुढचं वाचायचे कष्ट नकोत. पण वाचावंत अशी माझी इच्छा आहे. इच्छा म्हणते, विनंतीच म्हणा.

काल सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मी आणि कुंदा निघालो. फाट्यावर गजानन आणि त्याची आई येसूबाई उभी होती. येसूबाईंना मी पहिल्यांदाच भेटत होते. लहानशी, काटक बाई, पाठीवर पानांचं इरलं. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या छत्रीवर नजर थांबवली.

"बाई, ती छत्री हितंच चहावाल्याकडं ठेवा. वर वारा हाय. उलटी व्हईल."

"माझी छत्री चांगली आहे," मी म्हटलं.

पहिल्याच टेकाडावर ती उलटी झाली. येसूबाई इरल्याच्या आत हसत होत्या हे पाठीवरून कळत होतं.

बांधावरून चालताना त्या कुंदाकडे न बघता तिच्याशी बोलत होत्या, म्हणजे गजाननशी बोलत होत्या. "गजा, चपला काढायला सांग रं मास्तरणीला. चिखल चपलंला मानत नाय." कुंदाने ऐकलं नाही. तीही माझीच भाची. दहा पावलांवर ती घसरली आणि कंबरेपर्यंत भातात बसली.

"पडली का?" येसूबाई.

"पडले."

"मंग ऊठ. हितं कोन उचलनार तुला?"

"तुम्हीच उचला. तुमच्या शेजारी पडले आहे," कुंदा म्हणाली आणि सरळ हात वर केला.

येसूबाईंनी हात दिला. देऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण मग त्या बराच वेळ सगळ्यांच्या पुढे चालत राहिल्या.

धबधब्याचं वर्णन करत नाही. लग्नानंतर दादाबरोबर तुम्ही तिथे जाऊन आलेल्या आहात. श्रावणात पाणी इतकं असतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे तिथे आम्ही सगळेच चांगले वागलो. रीत तुम्हाला माहीत आहे : त्या पाण्यात पाय धुवायचे, तेच पाणी तांब्यात घेऊन वर गुहेत जायचं, आणि कौल होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. कुंदा चिखल धुवायला धारेखाली गेली. गजानन तांबा भरायला उतरला. मी आणि येसूबाई तेवढ्या गुहेच्या तोंडाशी पोचलो.

तिथे बुधी नावाची म्हातारी ठाकरीण असते. वरच्या वाडीतली. देवीची झाडलोट तिच्याकडे. येसूबाईंना बघून ती म्हणाली, "येसू, परत आलीस? मंगळवारीच तं येऊन गेलीस."

"मी? मी कशाला येतेय? माझी भन असंल."

"तुझी भन मला ठावं हाय. ती लंगडते."

येसूबाई देवीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वहिनी, खोटं बोलणाऱ्या मुली मी आयुष्यभर बघत आले आहे. त्यांचे हात गप्प बसत नाहीत. येसूबाई पदराचं टोक चोळत होत्या. कौल पडला की ती पाकळी ज्याने कौल मागितला त्याने पदराला बांधून घरी न्यायची असते. या बाईच्या पदराच्या टोकाला गाठीच्या चुण्या होत्या आणि गाठ नव्हती. मला काय ते समजलं. दुसऱ्याच्या पदराची गाठ हा माझा विषय नव्हता. निदान तेव्हा तरी.

गुहा मोठी आहे. खांब आणि भिंतीलगतचे दगडी बाक बघून कुणीही सांगेल की भिक्षूंनी पावसाळ्यात राहण्यासाठी ती खोदली असणार. कातळाई नंतर आली. शेंदूर लावलेला, गुडघ्याएवढा दगड. छतातून पाणी ठिबकत होतं. बुधीने दोन तेरड्याच्या पाकळ्या तांब्यातल्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांना लावल्या आणि मला पुढे बसवलं. घरच्या माणसाने विचारायचं. दिघ्यांपैकी मीच होते. कुंदाला स्वतःसाठी विचारता येत नाही.

मी म्हटलं, "कातळाई, दिघ्यांच्या कुंदाचं ठोंबऱ्यांच्या गजाननशी लग्न व्हावं का?"

"मोठ्यानं बोल बाई," बुधी म्हणाली, "भायेर पानी वाजतंय. देवी म्हातारी झालीय."

मी पुन्हा विचारलं. माझा आवाज कापला. ओल्या लुगड्यात गार वाटत होतं.

मग बसायचं. पाकळी पडेपर्यंत कुणी उठायचं नाही. वहिनी, मी परीक्षेच्या हॉलमध्ये अनेक तास उभी राहिलेली आहे, पण इतका वेळ कधी लागला नव्हता. डावी पाकळी आधी हलली, मग सरकली, मग पडली. वरचं पाणी तिच्यावरच ठिबकत होतं असं मला वाटतं. पण मी नेमकं पाहिलेलं नाही, म्हणून तसं म्हणत नाही. डावी पडली. उजवी आम्ही निघेपर्यंत होती तशीच होती.

बुधीने पाकळी उचलून माझ्या हातात दिली. गजानन खांबाला हात लावून उभा होता, तो म्हणाला, "जेवून घेऊ या. पाऊस वाढतोय." वाक्य पुरं केलं त्याने, पण कुणाकडे बघून नाही.

कुंदाने डबा उघडला. पहाटे उठून तिने वालाचं बिरडं केलं होतं, तुमच्या पद्धतीचं, नारळ जरा जास्त. येसूबाईंच्या तांदळाच्या भाकऱ्या होत्या. तिने येसूबाईंना आधी वाढलं, मग मला, मग बुधीला, मग त्याला. येसूबाईंनी एक घास घेतला आणि भाकरी हातात धरून बसल्या. त्यांना जे हवं होतं ते झालं होतं, हे एव्हाना मला कळलेलं होतं. तरी त्यांना ते गिळता येईना.

उतरताना मधला ओढा वाढला होता. गजानन पुढे जाऊन काठी टाकून बघत होता. कुंदा पाण्यात उतरली, मागे वळली आणि येसूबाईंना म्हणाली, "मावशी, तुम्ही आज खूश असाल. असू दे. पण हात धरा, पाणी ओढतंय."

येसूबाईंनी हात धरला. पलीकडे गेल्यावरही लगेच सोडला नाही.

फाट्यावर एस.टी.ची वाट बघत शेडमध्ये आम्ही दोघीच बसलो होतो. मुलं चहा सांगायला गेली होती. येसूबाई इरलं काढून शेजारी ठेवत म्हणाल्या, "बाई, तुमी त्या म्हातारीचं ऐकलं ना?"

"ऐकलं."

"मंग इचारलं का नाय?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं."

त्यांनी इरल्याचं पाणी झटकलं. मग म्हणाल्या, "मंगळवारी मी एकलीच गेलती. गजा कामाला होता. मी इचारलं. मला उजवा पडला."

"उजवा."

"हां. पाकळी बांधली पदराला नि निघाली. बांधावर आली नि सोडून दिली भातात. कुनाला सांगितलं नाय. म्हनलं, ह्या परत इचारनार हायेत, डावा पडंल, मंग माझं मला गप बसता येईल."

"म्हणजे तुम्हाला लग्न नको आहे."

"मला भ्या वाटतं वो बाई. माझा एकच. तुमची पोर शिकलेली. माझ्या चुलीपुढं बसंल का ती?"

मी खरं तेच सांगितलं. "नाही बसणार. तिला भाकरी थापता येत नाही. सकाळी उठल्यावर तासभर ती कुणाशी बोलतही नाही."

येसूबाई हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "निदान खोटं तरी नाय बोलत तुमी. मी आज गप बसली असती ना, तर सुटली असती. पन तिनं हात धरला नि म्हनली तुमी खूश असाल. मी नव्हती वो खूश."

मी विचारलं, एकाच देवीने, एकाच कामाला, तुम्हाला उजवा आणि मला डावा दिला, तो कसा? मला त्यांचं उत्तर हवं होतं, कारण माझ्याकडे छतातून गळणाऱ्या पाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

त्या म्हणाल्या, "तुमी आत्या. देवी आत्याला कशाला सांगंल? ज्याच्या पोटचं, त्यानं पुसावं. माझा गजा, म्हनून मला सांगितलं. तुमच्या पोरीचं तिच्या आयशीला सांगंल."

मला याचं वाईट वाटलं असं समजू नका. ते खरंच आहे. कुंदा माझ्याकडे दोन वर्षं आहे. तुम्ही तिला जन्म दिलात आणि वाढवलंत. शेडचं छप्पर गळत होतं आणि छत्री मोडलेली होती, म्हणून मी फार बोलले नाही.

येसूबाईंनी एवढंच मागितलं की गजाननला यातलं काही कळू नये. मी म्हटलं, मी त्याला सांगणार नाही, पण मुलीच्या आईला लिहीन. त्या म्हणाल्या, "लिवा. आयशीला आयशीचं कळंल."

काल संध्याकाळी जेवताना कुंदाने विचारलं, "आईला काय लिहिणार?" मी म्हटलं, "पडला तो." ती म्हणाली, "बरं." तिने माझ्याकडे एकदाही दुसरं काही मागितलं नाही. मागितलं असतं तरी मी लिहिलं नसतं, आणि ते तिला माहीत आहे.

तेव्हा वहिनी, तुमच्या अटीप्रमाणे गोष्ट संपली आहे. डावा म्हणजे नाही. तुम्ही हे पत्र मिटून ठेवलंत तर मी तुम्हाला दोष देऊ शकणार नाही. पण तुमची देवी आहे, माझी नाही. तुमच्या देवीकडे जाऊन तुम्ही स्वतः विचारलेलं नाही. मला डावा मिळाला हा माझा कौल झाला. तुमचा अजून बाकी आहे.

या.

अनसूया


दहिवली
१७ सप्टेंबर १९६७

ती. वहिनी,

कार्ड मिळालं. पाच महिन्यांनी तुमचं अक्षर बघितलं. त्यात दोनच वाक्यं आहेत. पहिलं : 'दसऱ्यानंतर येते.' दुसरं : 'वन्संनी गुहेपर्यंत यायचं नाही.'

दोन्ही मान्य.

येसूबाईंना निरोप दिला आहे. त्या म्हणाल्या, "मी नेईन वैनींना वर. बाईंना घरी बसू द्या, त्यांची छत्री परत मोडंल." आमची मैत्री कुठवर आली आहे ते यावरून समजावं.

श्रीकांतला गाडीत बसवून द्यायला सांगा. मुंबईला उतरलात की पुण्याकडची पॅसेंजर, कर्जतला मी फाटकाशी उभी असेन. पावसाळा सरला तरी वाट निसरडी असते, सपाट चपला आणा. काठी इथे आहे.

कुंदा आज सकाळपासून माळ्यावरची भांडी काढून घासते आहे. आई येणार म्हणून की कौलाच्या काळजीने, हे मी विचारलेलं नाही. तुमची जुनी पितळी परात मिळत नाही म्हणून ती माझ्यावर दोनदा ओरडली. तीन महिन्यांत प्रथमच ओरडली, मला बरं वाटलं.

अनसूया


दहिवली
३ डिसेंबर १९६७

ती. वहिनी,

सुखरूप पोचल्याचं कळलं. लग्नाचे फोटो शुक्रवारी आले. तुमचे डोळे सगळ्या फोटोंत मिटलेले आहेत आणि येसूबाईंचे सगळ्या फोटोंत वटारलेले. एका फोटोत मी आहे. तो पाठवत नाही.

परात सापडली. शेजाऱ्यांच्या भांड्यांत गेली होती. श्रीकांत संक्रांतीला येईल तेव्हा त्याच्याबरोबर देते.

मुलं भिवपुरीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. कुंदा तिथून शाळेला येते आणि वेळेवर येते. रविवारी ती दोघं गावात येसूबाईंकडे असतात. घर मोठं वाटतं. दोघींच्या हिशेबाने भात लावायची सवय झाली होती, ती मोडते आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

ऑक्टोबरमधला तो दिवस मी घराच्या पायरीवर बसून काढला. तुम्ही दोघी सकाळी गेलात आणि दिवे लागायच्या आत परत आलात. येसूबाई फाट्यावरूनच घरी गेल्या होत्या, तुम्ही एकट्याच टांग्यातून उतरलात. मी काही विचारायच्या आत म्हणालात, "वन्सं, उजवा पडला." मग कुंदाला जवळ घेतलंत. मी आत जाऊन चहा टाकला. दूध उतू गेलं.

काल येसूबाई आल्या होत्या. नव्या भाताचे तांदूळ घेऊन आल्या, डोक्यावरून, पिशवीत नाही. बसल्या, पाणी प्यायल्या. मी सहज म्हटलं, "एकूण कातळाईने वहिनींना लवकर उत्तर दिलं. मला तर किती बसवून ठेवलं होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "वैनींनी तुमाला काय सांगितलं?"

"उजवा पडला म्हणून."

"हां, हां," त्या म्हणाल्या. "पडला ना." आणि पदर चोळायला लागल्या.

वहिनी, त्या बाईंना खोटं बोलता येत नाही. त्यांना पुन्हा प्रयत्न करायला लावणं क्रूरपणाचं झालं असतं. मी म्हटलं, "येसूबाई, मी रागावणार नाही. काय ते सांगा."

मग त्यांनी सांगितलं. सगळं लिहिते, म्हणजे त्यांनी मला चुकीचं सांगितलं असेल तर तुम्ही दुरुस्त कराल.

"वैनींनी झेंडूच्या दोन पाकळ्या हातात घेतल्या नि देवीम्होरं बसल्या. बसल्या त्या बसल्या. बुधी म्हनाली, लाव की गं. लावंचनात. मी म्हनलं, वैनी, मी लावू का? त्या म्हनल्या, 'नको. येसूबाई, डावा पडला तर?' मी म्हनलं, डावा पडला तर मी माझा उजवा म्होरं करीन, तुमचा एक नि माझा एक. तर त्या म्हनल्या, 'आणि उजवा पडला, तर मग मला पोर द्यावीच लागेल. मग मला रडायलासुद्धा तोंड राहणार नाही.'

"बाई, मलापन तेच भ्या होतं ना. दोघीबी तशाच बसलो. पाकळ्या हातातच सुकल्या. बुधी कंटाळली नि लाकडं आनायला गेली.

"मंग वैनींनी मला इचारलं, 'ती आजारी पडली तर तुम्ही बघाल का हो? लहानपणी तिला फार ताप यायचा.' मी म्हनलं, बघीन. मी इचारलं, ती गजाला माझ्यापासून तोडनार नाय ना? वैनी म्हनल्या, 'तिनं तोडलं तर मला सांगा, मी येऊन तिचा कान धरीन.' मंग भाकरी कशी शिकवायची ते बोलनं निघालं. मंग त्यांनी तुमच्या भावाचं सांगितलं, कसे गेले ते. मी माझ्या धन्याचं सांगितलं. ऊन उतरलं तवा कुठं ध्यानात आलं, कौल लावायचा राहूनच गेला.

"वैनी म्हनल्या, 'लावायचा का आता?' मी म्हनलं, कशाला? आपलं तं बोलून झालं. त्या म्हनल्या, 'पण वन्संना काय सांगू? त्या विचारतील.' मी म्हनलं, सांगा उजवा पडला. त्यांना कुठं कळतंय देवीचं."

इथवर सांगून येसूबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "रागावला का बाई?"

मी रागावले नव्हते. मी उठून तांदूळ डब्यात भरत होते, आणि पाठमोरी होते एवढंच.

वहिनी, तुम्ही मला खोटं सांगितलंत हे मला कळलं आहे. हे मी लिहिते कारण आपल्या दोघींमध्ये ते न बोललेलं राहू नये. तुम्ही पाच महिने पत्र लिहिलं नाहीत त्याहून मला हे बरं वाटलं. तुम्ही ज्या देवीवर विश्वास ठेवता तिच्यासमोर बसून तुम्ही तिला न विचारता ठरवलंत. मी तिच्यावर विश्वास न ठेवता विचारलं होतं. आपल्यात कोण धाडसी, हे मी इथे लिहीत नाही.

येसूबाई गेल्यावर तासाभराने कुंदा आली. शाळेच्या वह्या घ्यायला आली होती. दारातच म्हणाली, "सासूबाई येऊन गेल्या ना? माझ्याशी नीट बोलल्या नाहीत वाटेत. काही झालं का?" मी म्हटलं, काही नाही. वह्या उचलता उचलता तिने विचारलं, "आत्या, आईला खरंच उजवा पडला होता ना? मला कधीकधी वाटतं, आईने माझ्यासाठी सांगितलं. तुम्ही खरं सांगाल. तुम्ही कधी..."

ती वाक्य पुरं करायच्या आत मी म्हटलं, "उजवा."

"तुम्हाला नक्की माहीत आहे?"

"नक्की. येसूबाई शेजारी होत्या. त्यांनीही पाहिला."

ती हसली, आणि गेली. फाटकापर्यंत तिची सायकल दिसत होती.

तुम्हाला तिने विचारलं तर आपलं तिघींचं उत्तर एकच असावं, म्हणून हे सविस्तर कळवलं. तपशील लक्षात ठेवा : उजवी पाकळी, झेंडूची, फार वेळ लागला नाही. येसूबाईंना मी आज निरोप पाठवते आहे.

तुमची
अनू